झिओलाइट: वेळेवर थांबवलेला स्फटिक

जळगाव, नाशिक, पुणे या भागांत दगडखाणीत काळा दगड फोडताना कधीकधी मधेच एखादी पोकळी उघडी पडते आणि आत पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचे झुपके दिसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यांतल्या काहींची नावं. जगभरचे संग्राहक हे नमुने हौसेने विकत घेतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते सुंदर मांडून ठेवलेले आहेत. याच कुळातला एक पदार्थ, दिसायला नुसती पांढरी भुकटी, कपडे धुण्याच्या अनेक पावडरींमध्ये असतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या नळकांड्यांमध्येही त्याचाच एक भाऊबंद भरलेला होता. हवेतला नायट्रोजन तो धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतो. या सगळ्यांना मिळून झिओलाइट म्हणतात.

झिओलाइटचे उपयोग सांगणारं बरंच वाचायला मिळतं. तो तयार कसा होतो, याबद्दल मात्र मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही. खरं तर मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग. झिओलाइट हा टिकाऊपणात पहिला नंबर असलेला पदार्थ नाही. त्याच्या घटकांना पुरेसा वेळ आणि उष्णता दिली, तर ते त्याच्यापेक्षा स्थिर असं दुसरंच काहीतरी बनवतात. झिओलाइट हा वाटेतला मुक्काम आहे, आणि तो मिळवायचा तर प्रवास तिथेच थांबवावा लागतो.

आधी रचना पाहू. मध्ये सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्याभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार, अशा आकाराला चतुष्फलक म्हणतात. प्रत्येक कोपऱ्यावरचा ऑक्सिजन शेजारच्या चतुष्फलकाचाही असतो, त्यामुळे सगळे एकमेकांना जोडलेले राहतात. क्वार्ट्झही असाच बनलेला आहे, पण तिथे जोडणी घट्ट आहे. झिओलाइटमध्ये ती ऐसपैस असते आणि आत ठरावीक मापाच्या पोकळ्या आणि बोगदे राहतात. शिवाय काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमचा धनभार सिलिकॉनपेक्षा एकाने कमी, म्हणून अशा प्रत्येक जागी सांगाड्यावर एक ऋणभार उरतो. तो फेडायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन पोकळ्यांमध्ये येऊन बसतात, सोबत पाणीही असतं. हे आयन सांगाड्याला कायमचे चिकटलेले नसतात, त्यांची अदलाबदल करता येते. कपड्यांच्या पावडरीतला झिओलाइट कडक पाण्यातलं कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतो, ते याच कारणाने.

दोन ॲल्युमिनियम चतुष्फलक एकमेकांना लागून सहसा बसत नाहीत. १९५४ साली मांडलेला हा नियम लोवेन्स्टाइनच्या नावाने ओळखला जातो. याचा अर्थ, सांगाड्यात सिलिकॉन निदान ॲल्युमिनियमइतकं तरी असायलाच हवं. पावडरीतला ‘झिओलाइट ए’ अगदी या सीमेवर आहे: एक सिलिकॉन, एक ॲल्युमिनियम, पुन्हा सिलिकॉन, अशी आलटूनपालटून मांडणी. त्याच्या खिडक्या सुमारे ४ अँगस्ट्रॉम रुंद असतात, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण २५ लाखावा भाग. सोडियम काढून पोटॅशियम घातलं की खिडकी ३ अँगस्ट्रॉमवर येते. मग पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल कोरडं करायला हाच प्रकार वापरतात.

आता हा झिओलाइट ए तयार होताना जवळून पाहू.

एका भांड्यात सोडियम ॲल्युमिनेट आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण, दुसऱ्यात सोडियम सिलिकेट आणि कॉस्टिक. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. एकात दुसरं ओतलं की क्षणात पांढराशुभ्र घट्ट गोळा होतो, इतका की ढवळणारी कांडी अडते. नेटाने ढवळत राहिलं की तो सैल होऊन एकसारखा होतो. हाच तो जेल. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, सोडियम, पाणी सगळं त्यात आहे, पण कसलीही शिस्त नाही. क्ष-किरण सोडून पाहिलं तर स्फटिकाच्या टोकदार रेषांऐवजी एक पसरट उंचवटा दिसतो. हा जेल प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतात, कारण गरम कॉस्टिक काच खातं. बाटली घट्ट बंद करून सुमारे १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची.

पुढचा काही वेळ बाहेरून काहीच घडत नाही. क्ष-किरणांतही उंचवटा तसाच. मग रेषा उगवू लागतात आणि एकदा उगवल्या की भराभर वाढतात. तीन-चार तासांत बाटलीतलं दृश्य पालटलेलं असतं: घट्ट जेल गायब, वर नितळ द्रव आणि तळाला बारीक पांढरी पूड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पूड म्हणजे धारदार कडांचे घन असतात, दोन-तीन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आधी शांतता, मग वेग, मग पुन्हा शांतता, असा हा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. जवळजवळ प्रत्येक झिओलाइटच्या बाबतीत तो असाच निघतो.

सुरुवातीच्या शांततेत नेमकं काय चाललेलं असतं? यातला मुख्य कारागीर आहे हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिकमधला ऋण आयन. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा बंध एरवी फार पक्का असतो. हायड्रॉक्साइड तो तोडतो, सुटे झालेले तुकडे द्रावणात येतात आणि पुन्हा कुठेतरी जोडले जातात. ही तोडजोड सतत दोन्ही दिशांनी चालू असते, म्हणूनच शिस्त येऊ शकते. तुकडा चुकीच्या जागी बसला तर तो बंध पुन्हा तुटून सुधारण्याची संधी मिळते. बंध एकदा जुळल्यावर कायमचा झाला असता, तर आपल्याला फक्त काच मिळाली असती, स्फटिक कधीच नाही. हायड्रॉक्साइडऐवजी फ्लुओराइडही हे काम करतं, तेही कॉस्टिकइतक्या तीव्र अल्कलीशिवाय, आणि त्यातून बहुधा मोठे स्फटिक मिळतात.

अशा तोडजोडीत कुठेतरी योगायोगाने काही तुकडे बरोबर मांडणीत एकत्र येतात. पण लहान गट पृष्ठभागाच्या ऊर्जेमुळे टिकत नाही, विरघळून जातो. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेलेला गट मात्र तगतो आणि वाढतो. त्याला स्फटिककेंद्र म्हणतात. ही केंद्रं बहुधा जेलच्या आत किंवा जेल आणि द्रव यांच्या सीमेवर जन्मतात. १९९९ साली स्वेतलाना मिंतोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट ए चक्क खोलीच्या तापमानाला होऊ दिला आणि टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ४० ते ८० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) विस्कळीत जेलकणांच्या पोटात तीन दिवसांत छोटे स्फटिक दिसू लागले, आणि सात दिवसांत जेलकण पूर्णपणे स्फटिकमय झाले. एका कणात एक स्फटिक, आतून बाहेर वाढत गेलेला. त्या चित्रांत जेलच्या धूसर ठिपक्यात सरळ समांतर रेषांचा एक छोटा तुकडा दिसतो. पदार्थ शिस्तीला लागतो तो क्षण इतक्या जवळून दाखवणारी चित्रं क्वचितच पाहायला मिळतात.

केंद्र झालं की वाढ सुरू होते. जेल हळूहळू विरघळत राहतो आणि द्रावणातली कमतरता भरून काढतो. त्यामुळे जेल शिल्लक असेपर्यंत द्रावणाची तीव्रता फारशी बदलत नाही आणि स्फटिकाची लांबी ठरावीक वेगाने वाढत जाते. जेल संपला की वाढ थांबते. मघाच्या आलेखात अखेरची शांतता येते ती यामुळे.

स्फटिकाच्या पृष्ठभागावर हे कसं घडतं, ते अणुबल सूक्ष्मदर्शकाने दिसलं. अतिशय बारीक सुई पृष्ठभागावरून फिरवून त्याचा चढउतार टिपणारं हे यंत्र. १९९६ साली मँचेस्टरच्या मायकल अँडरसन यांच्या गटाने ‘झिओलाइट वाय’ नावाच्या दुसऱ्या एका प्रकाराच्या पृष्ठभागावर असे पायऱ्यापायऱ्यांचे थर पाहिले. प्रत्येक पायरीची उंची साधारण दीड नॅनोमीटर, म्हणजे रचनेतल्या पिंजऱ्यांच्या एका थराइतकीच. नवा थर पृष्ठभागावर कुठेतरी सुरू होतो आणि कडेने पसरत जातो.

पण कडेला येऊन बसतं ते काय: सुटे लहान रेणू, की जेलचे अख्खे कण? यावर अनेक वर्षं जोरदार वाद झाला. वादाचं मैदान होतं सिलिकलाइट-१, म्हणजे ॲल्युमिनियम अजिबात नसलेला झिओलाइट. तो जेलशिवाय, अगदी स्वच्छ दिसणाऱ्या द्रावणातूनही होतो. ते द्रावण मात्र पूर्ण स्वच्छ नसतं. त्यात काही नॅनोमीटरचे असंख्य कण तरंगत असतात, डोळ्यांना जाणवेल इतका प्रकाश त्यांच्यावर विखुरत नाही इतके लहान. २०१४ साली ह्यूस्टनच्या अलेक्झांड्रा लुपुलेस्कू आणि जेफ्री रायमर यांनी स्फटिक गरम द्रावणात बुडालेला असतानाच त्याच्यावर सुई फिरवली आणि वाढ प्रत्यक्ष घडताना पाहिली. दोन्ही गोष्टी होत होत्या. रेणू येऊन बसत होते, आणि कणही येऊन चिकटत होते व नंतर शिस्तीत विरघळून सामावले जात होते. कोणाचा वाटा मोठा, ते तापमान आणि द्रावणावर ठरतं.

आता थांबण्याची गोष्ट. पोकळ जागांमुळे झिओलाइटची ऊर्जा घट्ट रचलेल्या खनिजांपेक्षा जास्त असते, जरी फरक थोडाच असला तरी. विस्कळीत अवस्थेतून निघालेला पदार्थ थेट सर्वांत स्थिर रूपाकडे जात नाही. त्याला जे लवकर जमतं ते आधी होतं, आणि मग पायरीपायरीने स्थिर रूप येतं. हे निरीक्षण रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १८९७ साली नोंदवलं होतं. आपली बाटली चार तासांऐवजी बराच जास्त वेळ ओव्हनमध्ये राहिली, किंवा कॉस्टिक जास्त पडलं, तर झिओलाइट ए विरघळू लागतो आणि सोडालाइट येतो. घटक जवळपास तेच, पण सोडालाइटच्या खिडक्या इतक्या अरुंद की पावडरीसाठी किंवा वायू वेगळे करायला त्याचा काही उपयोग नाही. वरून दोन्ही पांढरेच, फरक क्ष-किरणांतच कळतो. म्हणून कारखान्यात नमुने घेऊन नेमक्या वेळी गाळणी लावतात आणि पूड धुऊन घेतात.

पेट्रोलियम शुद्धीकरणात लागणारा झिओलाइट वाय आणखी नाजूक. त्याचा जेल लगेच तापवला तर भलतीच प्रजाती येण्याची शक्यता मोठी. त्याला आधी खोलीच्या तापमानाला दिवसभर निवांत ठेवावं लागतं. त्या थंड काळात केंद्रं तयार होतात पण वाढत नाहीत, आणि तापवल्यावर वाढीला योग्य केंद्रं हाताशी असतात. किंवा असा मुरवलेला थोडासा जेल वेगळा करून ताज्या मोठ्या जेलमध्ये विरजणासारखा घालतात, म्हणजे सगळा जेल त्याच वाटेने जातो. तापवताना ढवळलं तर दुसरीच जात, ‘झिओलाइट पी’, बळावते. तेच घटक, तेच प्रमाण, फक्त मुरवण्याचा आणि ढवळण्याचा फरक, आणि हाती वेगळा पदार्थ! या क्षेत्रातले लोक कृती इतक्या बारकाईने लिहून ठेवतात ते म्हणूनच. सिलिका, म्हणजे सिलिकॉन पुरवणारा कच्चा माल, कुठल्या बनावटीची घेतली यानेही निकाल बदलतो.

कमी तापमान आणि चपळ जेल यांची ही वाट सापडली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी निसर्गाची नक्कल करत जास्त तापमानाला झिओलाइट बनवून दाखवले होते. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी ताजे, लगेच विरघळणारे जेल घेतले आणि उकळत्या पाण्याच्या आसपासचं तापमान ठेवलं. १९४९मध्ये झिओलाइट ए आणि त्यानंतर ‘एक्स’ हा आणखी एक प्रकार हाती आले. पुढे या संशोधनातून एक अख्खा उद्योग उभा राहिला.

नंतर एक वेगळा विचार पुढे आला. पोकळीत बसणारा पाहुणा आपणच निवडला तर? मोबिल कंपनीच्या रॉबर्ट आर्गावर आणि जॉर्ज लँडोल्ट यांच्या नावावर १९७२च्या पेटंटने आलेला झेडएसएम-५ हा झिओलाइट असाच घडतो. जेलमध्ये टेट्राप्रोपिल अमोनियम नावाचा सेंद्रिय आयन घालतात. मध्ये नायट्रोजन आणि त्याला प्रोपिलचे चार हात. झेडएसएम-५मध्ये दोन प्रकारचे बोगदे असतात, एक सरळ, एक नागमोडी, आणि ते एकमेकांना छेदतात. हा आयन नेमका चौकात बसतो आणि त्याचे चार हात चार दिशांच्या बोगद्यांत शिरतात. सिलिका त्याच्याभोवती जुळत जाते. यासाठी पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद पात्रात, टेफ्लॉनचं भांडं ठेवून दीडशे-पावणेदोनशे अंश ठेवावे लागतात आणि वेळही दिवसांत मोजावा लागतो. १७० अंशांना आतल्या वाफेचाच दाब सुमारे आठ वातावरणांइतका होतो. शेवटी हवेत ५५० अंशांच्या आसपास भाजून तो आयन जाळून टाकतात आणि बोगदे मोकळे होतात. गंमत म्हणजे याच रचनेचं खनिज निसर्गात नंतर सापडलं: अंटार्क्टिकात मिळालेलं म्युटिनाइट, ज्याचं वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झालं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा या सगळ्यात मोलाचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांना माहीत असायला हवा. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली तिथे झिओलाइट उत्प्रेरकांवर दीर्घ काम झालं. स्फटिकवाढीबद्दलही एक महत्त्वाचा शोध तिथलाच. १९९६मध्ये राजीव कुमार आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की जेलमध्ये फॉस्फेट किंवा परक्लोरेटसारखे ऑक्सिजनयुक्त आयन अगदी थोडे घातले, तर अनेक झिओलाइटांचा स्फटिकीकरणाचा वेळ बराच कमी होतो. केंद्रं लवकर जन्मावीत यासाठी केलेला हा साधा, स्वस्त उपाय, आणि तोही प्रयोगशाळेच्या पुण्यातल्या पाषाण भागातल्या आवारातून आलेला.

मग खाणीतले स्फटिक बोटभर लांब आणि बाटलीतले घन मायक्रॉनचे, असं का? फरक आहे तो केंद्रांच्या संख्येचा. बाटलीत एकाच वेळी अगणित केंद्रं जन्मतात आणि असलेला माल सगळ्यांत वाटला जातो. मोठे स्फटिक हवे असतील तर केंद्रं कमी आणि पुरवठा सावकाश हवा. १९७१ साली चार्नेल यांनी ट्रायइथॅनॉलअमाइन घालून ते साधलं. ते ॲल्युमिनियमला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे ए आणि एक्सचे मायक्रॉनच्या दशकांत मोजावे इतके मोठे स्फटिक मिळाले. जड झालेला स्फटिक तळाला बसला की त्याला खाद्य मिळेनासं होतं, म्हणून हा प्रयोग अंतराळातही नेला गेला. अल्बर्ट साको १९९५ साली कोलंबिया यानातून गेले तेव्हा झिओलाइट वाढवणं हे त्यांच्या कामांपैकी एक होतं.

दख्खनच्या दगडात या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या झाल्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि भेगांमधून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्याने बेसॉल्टमधली, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या या काळ्या दगडातली, काच आणि खनिजं थोडीथोडी विरघळवली, तसतसं ते अल्कधर्मी होत गेलं, म्हणजे इथेही हायड्रॉक्साइडच कामाला होतं. पोकळीत हे पाणी अतिशय मंद पोहोचायचं, म्हणून केंद्रं थोडी आणि वाढ निवांत. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम भरपूर, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक झिओलाइट कॅल्शियमवाले. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट यांचा सांगाडा एकच आहे. पहिल्यात कॅल्शियम, तिसऱ्यात सोडियम, मधल्यात दोन्ही.

खाणीतला नमुना हातात आला तर तो कडेकडून मध्याकडे वाचावा. भिंतीला लागून बहुधा हिरवट मातीचा किंवा कॅल्सेडनीचा पातळ थर असतो, त्यावर ह्यूलँडाइट किंवा स्टिल्बाइट, आणि बरेचदा सर्वांत वर ॲपोफिलाइटचे चौकोनी चकचकीत स्फटिक. ॲपोफिलाइट स्वतः झिओलाइट नाही, पण त्याच पाण्यातून आलेला सोबती आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या नमुन्यांत पांढऱ्या स्टिल्बाइटवर कॅव्हनसाइट या व्हॅनेडियमयुक्त खनिजाचे निळेशार गोळे बसलेले असतात, म्हणजे स्टिल्बाइट आधी झालं आणि व्हॅनेडियम घेऊन आलेलं पाणी त्यानंतर. पाण्याचं तापमान आणि रसायन जसं बदललं, तसा प्रत्येक थर. आइसलँडच्या पूर्व भागात भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी अशाच झिओलाइटांच्या पट्ट्यांवरून लाव्हाचे थर किती खोल गाडले गेले होते याचा अंदाज बांधला, आणि आपल्या पश्चिम घाटातही असे पट्टे नोंदवले गेले आहेत.

आज वेगवेगळ्या रचनेचे अडीचशेहून जास्त झिओलाइट माहीत आहेत. संगणकावर चतुष्फलक जोडत गेलं तर लाखो शक्य रचना निघतात, आणि त्यांतल्या कितीतरी ऊर्जेच्या हिशेबात टिकण्याजोग्या दिसतात. त्या प्रत्यक्षात का घडत नाहीत याचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. ऊर्जेचा हिशेब रचना शक्य आहे एवढंच सांगतो. जेलमधून तिथवर जाणारी वाट आहे का, आणि त्या वाटेवर दुसरा कुणी आधी पोहोचतो का, हे तो सांगत नाही. म्हणून हव्या त्या पोकळीत चपखल बसेल असा सेंद्रिय आयन आधी संगणकावर शोधायचा, मग तो प्रयोगशाळेत बनवायचा आणि त्याच्याभोवती जेल मुरवायचा, या पद्धतीवर सध्या बरंच काम चालू आहे.